नवीन रॅम घातल्यापासून गेम बंद पडतो : स्टिक खराब आहे, की जुळणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या संगणकात रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ३२०० वेगाच्या, प्रत्येकी ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक होत्या आणि तीन वर्षे कसलीही तक्रार नव्हती. दिवाळीत त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक घालून रॅम ३२ जीबी केली. तेव्हापासून मोठे गेम वीस ते चाळीस मिनिटांत काहीही न सांगता बंद होतात. आठवड्यातून एक-दोनदा ब्लू स्क्रीन येतो, त्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’ तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे लिहिलेले असते, आणि गेमच्या फाइल तपासायला लावल्या की दर वेळी वेगळ्याच फाइल बिघडलेल्या निघतात. दुकानदाराने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिले आणि आता तो ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतो. एक्सएमपी (रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) बंद केले की सगळे सुरळीत चालते, पण फ्रेम रेट घसरतो. शिवाय टास्क मॅनेजर रिकाम्या बसलेल्या संगणकातही बरीच रॅम वापरात दाखवतो आणि एक गेम, रॅम शिल्लक असतानाही, ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून बंद होतो.

कारण शोधण्याआधी एक काम आजच करा. आजपर्यंतचे फोटो, कागदपत्रे आणि गेमचे सेव्ह बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, आणि ती प्रत एक्सएमपी बंद ठेवूनच काढा. नंतर मेमरीची चाचणी पूर्ण होईपर्यंत काहीही नवे इन्स्टॉल करू नका. विंडोज तर नाहीच नाही. डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते. रॅममध्ये एक बिट उलटला, तर ती चूक तशीच डिस्कवर उतरते आणि मग रॅम दुरुस्त झाल्यावरही मागे राहते. संशयित रॅमवर विंडोज पुन्हा टाकणे म्हणजे गळक्या घागरीने हौद भरण्यासारखे आहे. आमच्या व्यवसायात ‘फॉरमॅट मारून बघू’ हा पहिला उपाय मानला जातो, कारण तो सोपा असतो आणि गिऱ्हाइकाला काहीतरी केल्यासारखे दिसते. परंतु रॅमच्या बाबतीत तो निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे.

तुमच्या वर्णनातील सर्वांत बोलका तपशील म्हणजे दर वेळी वेगळी फाइल बिघडलेली निघणे. एसएसडी किंवा हार्ड डिस्क खराब असती, तर साधारणपणे तीच फाइल पुन्हा पुन्हा बिघडलेली दिसली असती, कारण डिस्कवरची खराब जागा ठरलेली असते. वेगवेगळ्या फाइल चुकीच्या निघतात तेव्हा बहुतेक वेळा फाइल ठीक असते आणि ती वाचून तिचा हिशेब करणारी मेमरी चुकत असते. मोठी झिप फाइल उघडताना मधूनच सीआरसीची (फाइल जशीच्या तशी आहे का हे पाहणाऱ्या पडताळणीची) त्रुटी येणे आणि दुसऱ्यांदा उघडल्यावर न येणे, हेही याच जातीचे लक्षण आहे. ब्लू स्क्रीनवरचा मजकूर दर वेळी बदलतो, हाही त्याच दिशेने जाणारा पुरावा आहे. एखाद्या ड्रायव्हरचा दोष असता तर बहुधा एकच संदेश आणि एकाच फाइलचे नाव वारंवार दिसले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लोक ‘रॅम खराब झाली’ असे सरसकट म्हणतात, पण त्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात. एक म्हणजे स्टिकवरच्या एखाद्या चिपमधली ठरावीक जागा खरोखरच निकामी झालेली असते. दुसरा म्हणजे चारही स्टिक आपापल्या परीने निर्दोष असतात, पण त्या मदरबोर्डवर, त्या प्रोसेसरसोबत, त्या वेगाला एकत्र नांदत नाहीत. नव्या स्टिक घातल्यावर लगेच तक्रार सुरू झाली असेल, तर मी आधी दुसरा प्रकार गृहीत धरतो आणि पहिला सिद्ध झाल्याशिवाय स्टिक परत करायला सांगत नाही. या दोन प्रकारांवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात वस्तू बदलावी लागते, दुसऱ्यात बहुधा बायोसमधले, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधले, दोन-चार आकडे बदलून भागते.

चार स्टिक एकत्र का नांदत नाहीत, ते समजून घेण्यासारखे आहे. डीरॅममधला (स्टिकवरच्या मेमरीचा हा प्रकार) प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो, आणि ३२ जीबीमध्ये असे सुमारे २७५ अब्ज कपॅसिटर असतात. हा भार सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४मध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. हे सगळे प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला सांभाळावे लागते. घरगुती मदरबोर्डवर चार स्लॉट दिसत असले, तरी मार्गिका म्हणजे चॅनल दोनच असतात. प्रत्येक चॅनलवर दोन स्लॉट एकाच तारांच्या माळेत ओवलेले असतात. माळेच्या टोकाला एकच स्टिक असली की सिग्नल स्वच्छ पोहोचतो. मधल्या स्लॉटमध्येही स्टिक बसवली की कंट्रोलरवरचा भार वाढतो, सिग्नल परावर्तित होतो, आणि जो वेग दोन स्टिकना सहज पेलत होता तो चारांना पेलेलच असे राहत नाही. एएमडीनेही हे लपवलेले नाही. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी कंपनी दोन स्टिकना ३२०० वेग देते, चार सिंगल-रँक स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल-रँक स्टिकना २६६७ (रँक म्हणजे एकत्र काम करणारा चिपचा संच; काही स्टिकवर असा एक असतो, काहींवर दोन). म्हणजे चार स्टिकवर ३२०० चालवणे हे, खोक्यावर ३२०० छापलेले असले तरी, कंपनीच्या हमीबाहेरचे आहे. अनेकांकडे ते चालते. तुमच्याकडे चालत नसेल, तर त्यात कुणी फसवले असे होत नाही.

यात आणखी एक गोम आहे. मॉडेल क्रमांक तोच असला म्हणजे आतल्या चिप त्याच असतील, असे नाही. स्टिक विकणाऱ्या बहुतेक कंपन्या स्वतः चिप बनवत नाहीत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांच्याकडून बाजारभावाप्रमाणे घेतात, आणि तीन वर्षांच्या अंतराने एकाच नावाखाली वेगळी चिप येऊ शकते. ८ जीबीची जुनी स्टिक आठ चिपची आणि नवी चार मोठ्या चिपची असणे अगदी सामान्य आहे. सीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्राम उघडून ‘एसपीडी’ या भागात चारही स्लॉट एकेक करून पाहा. चिपचा निर्माता, रँक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष तिथे दिसते. जाता जाता एक सांगून ठेवतो: सीपीयू-झेड वेग १६०० दाखवेल आणि टास्क मॅनेजर ३२००, यात विरोध काही नाही. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. एक प्रोग्राम ठोके मोजतो, दुसरा फेऱ्या. ‘माझी रॅम अर्ध्या वेगाने चालते’ अशी तक्रार घेऊन येणारे निम्मे लोक याच गैरसमजातून आलेले असतात.

एक्सएमपी बंद केल्यावर फ्रेम रेट का घसरतो, तेही यातूनच स्पष्ट होते. ३२०० हा वेग स्टिकचा जन्मजात वेग नसून, १.३५ व्होल्ट देऊन गाठायचा वेग असतो; एक्सएमपी म्हणजे ते आकडे स्टिकवरच लिहून ठेवलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी मदरबोर्डने वाचली नाही, तर रॅम १.२ व्होल्टवर, २१३३ किंवा २४००सारख्या प्रमाणित वेगाने चालते. त्यातच रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या मार्गाचा वेगही सामान्यतः रॅमच्या ठोक्यांशी बांधलेला असतो, म्हणून फटका दुहेरी बसतो. एक्सएमपी बंद करणे ही तपासणीची उत्तम पायरी आहे. तो कायमचा उपाय मानण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष कामाला लागताना पहिली शंका स्टिक नीट न बसल्याची घ्या, कारण ती तपासायला पाच मिनिटे लागतात. संगणक बंद करून मागचा एसएमपीएसचा (वीजपुरवठा करणाऱ्या डब्याचा) खटका बंद करा, वायर काढा, समोरचे बटण काही सेकंद दाबून ठेवून उरलेला भार जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच स्टिकला स्पर्श करा. अनेक मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो. त्या टोकाचा ‘टक’ आवाज ऐकून माणूस समाधानी होतो आणि दुसरे टोक अर्धा मिलिमीटर वर राहते. अशी स्टिक दिसते, मोजली जाते, आणि चालता चालता दगा देते. दोन्ही टोके अंगठ्यांनी समान दाबून बसवा.

खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासण्याच्या उपायाविषयी हमखास विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, चार पावसाळे पाहिलेल्या संगणकात, पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये मळ धरतो आणि घासल्यावर यंत्र सुरू होते, हे खरे आहे. परंतु निम्म्या वेळा यश घासण्याचे नसून काढून पुन्हा बसवण्याचे असते, आणि खरखरीत रबराने सोन्याचा पातळ थर निघून जातो तो परत येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरा. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते मिळते. तुमच्या नव्याकोऱ्या स्टिकना तर याची गरजच नाही.

यानंतर चाचणी. विंडोजमध्ये अंगभूत मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण त्यावर मी फारसा विसंबत नाही. तिने चूक दाखवली तर ती खरी मानावी, मात्र तिने ‘काही सापडले नाही’ म्हटले म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. मेमटेस्ट८६ किंवा मुक्तस्रोत मेमटेस्ट८६+ यांपैकी एक पेनड्राइव्हवर टाका आणि विंडोज सुरू न करता थेट त्यावरून संगणक चालू करा, म्हणजे ड्रायव्हर, विंडोज, गेम हे सगळे संशयित एका फटक्यात बाजूला होतात. पेनड्राइव्हवरून सुरू होत नसेल, तर बायोसमधले सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रामवरून संगणक सुरू होऊ न देणारी सुरक्षा) तात्पुरते बंद करावे लागेल. तसे करण्याआधी विंडोजचे डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज ती मागेल आणि तुम्ही स्वतःच्याच संगणकाबाहेर उभे राहाल. काम झाल्यावर सिक्युअर बूट पुन्हा चालू करायला विसरू नका; व्हॅलोरंटसारखे काही गेम विंडोज ११वर त्याशिवाय चालत नाहीत.

३२ जीबीच्या चार फेऱ्यांना रात्र सहज जाते, तेव्हा झोपण्याआधी लावा. निकाल वाचताना एक नियम कठोरपणे पाळा : एक चूकही चूकच आहे. ‘आठ तासांत फक्त दोन चुका, म्हणजे चालण्यासारखे आहे’ असे मेमरीत नसते. याला एकच सवलत आहे. मेमटेस्ट८६च्या तेराव्या, म्हणजे ‘हॅमर’ चाचणीत एकाच ओळीवर मुद्दाम वारंवार आघात करून शेजारच्या ओळीतला बिट उलटतो का ते पाहिले जाते. बाकी सर्व चाचण्या स्वच्छ असून फक्त तिथे चुका असतील, तर रोजच्या वापरातल्या तक्रारीचे खापर त्यावर फोडू नये.

चुका आल्या तर त्यांचे पत्ते पाहा. दर फेरीत तोच किंवा आसपासचाच पत्ता आणि तोच बिट दिसत असेल, तर एखाद्या चिपमधली जागा मेलेली असण्याची शक्यता मोठी. पत्ते विखुरलेले असतील, दर वेळी बदलत असतील आणि तास-दोन तासांनीच येऊ लागत असतील, तर वेग, व्होल्टेज किंवा उष्णता यांकडे पाहावे लागेल. पहिली रात्र चारही स्टिक आणि एक्सएमपी चालू ठेवून चाचणी घ्या, म्हणजे रोग पकडला जातो. दुसऱ्या रात्री तेच, पण एक्सएमपी बंद करून. पहिल्या रात्री चुका आणि दुसऱ्या रात्री शून्य, असा निकाल आला, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच अपेक्षित आहे, तर चौघींची जुळणी हा मुख्य आरोपी ठरतो. तरीही एखादी स्टिक कमी वेगाला तग धरते आणि ३२००ला एकटीच कोसळते असेही असू शकते, म्हणून पुढची पायरी टाळू नका.

पुढची पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच दुकानात ती कुणी करत नाही. चारही स्टिकवर पेन्सिलीने नव्हे, तर कागदी चिकटपट्टीने क, ख, ग, घ अशी खूण करा. नंतर एकच स्टिक, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी चालू ठेवून तपासा. मग तिच्या जागी दुसरी, तिसरी, चौथी. ८ जीबीला वेळही चौथाईच लागतो. एखादी स्टिक चुकली, तर तिला चौथ्या स्लॉटमध्ये नेऊन पुन्हा तपासा : तिथेही चुकली तर दोष तिचा, तिथे चुकली नाही आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये प्रत्येक स्टिक चुकत असेल, तर दोष स्लॉटचा, मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरमधल्या कंट्रोलरचा. अशा वेळी मदरबोर्डला शिक्षा सुनावण्याआधी कूलर सैल करून समान दाबाने पुन्हा आवळून पाहा. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि कूलर तिरका आवळला गेला की एखादा मेमरी चॅनल नाहीसा होण्यापर्यंत मजल जाते. तुमच्या एएम४ सॉकेटमध्ये हे कमी दिसते, पण पूर्ण अशक्य नाही. चारही एकेकट्या निर्दोष निघाल्या, तर जुनी जोडी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, मग नवी जोडी त्याच जागी, असे तपासा. दोन्ही जोड्या ३२००ला स्वच्छ आणि चौघी मिळून मात्र चुका, असे दिसले की निदान पूर्ण झाले. आता परत करण्यासारखे काही उरले नाही.

इथे एक गोष्ट सुटते ती उष्णतेची. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड बसलेले असते, तर गेम चालू असताना त्याची गरम हवा थेट स्टिकवर येते. कपॅसिटरमधली गळती तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे रात्री पंख्याखाली निर्दोष ठरलेली रॅम विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी गेममध्ये चुकू शकते. तुमचा गेम वीस-चाळीस मिनिटांनी बंद पडतो, पहिल्या मिनिटाला नाही, हा तपशील मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. कॅबिनेटची बाजू उघडून, शेजारी टेबल फॅन लावून तोच गेम खेळा. बंद पडण्याची वेळ बरीच पुढे गेली, तर उष्णतेचा हात आहे असे समजा. विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रामांनी रॅमवर आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डवर भार टाकूनही हेच पाहता येते, मात्र तेव्हा डिस्कवर महत्त्वाचे लिखाण चालू नसावे.

जुळणीचाच दोष ठरला, तर उपाय पुढीलप्रमाणे करा. प्रथम मदरबोर्डच्या संकेतस्थळावरून नवे बायोस घ्या, कारण त्यातल्या एएमडीच्या मूळ संहितेत मेमरीच्या सुसंगतीची सुधारणा वारंवार होते. मात्र बायोस भरताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल आणि परिसरात दुपारी वीज जाण्याची सवय असेल, तर रात्री उशिरा करा. नंतर एक्सएमपी चालू करा, पण वेग हाताने २९३३वर आणा, टायमिंग (मेमरीच्या प्रतिसादाला लागणाऱ्या ठोक्यांचे आकडे) एक्सएमपीचेच राहू द्या, व्होल्टेज १.३५, ‘गिअर डाउन मोड’ (मेमरीला आदेश जरा सावकाश देणारी सोय) चालू आणि एफक्लॉक, म्हणजे वर सांगितलेल्या प्रोसेसरच्या आतल्या मार्गाचा वेग, १४६७. जवळजवळ सगळ्या अशा तक्रारी माझ्या हाताखाली इथेच मिटल्या आहेत. ३२०० वरून २९३३ म्हणजे बँडविड्थमध्ये सुमारे ८ टक्के घट. गेममधल्या फ्रेममध्ये ती त्याहून बरीच कमी जाणवते, २१३३वर जाणवते तशी तर मुळीच नाही. त्यावरही चुका आल्या तर २६६७. एवढ्यावरही भागले नाही, तर व्होल्टेज वाढवत बसू नका. विशेषतः ‘एसओसी व्होल्टेज’ हे मेमरीचे नसून प्रोसेसरचे व्होल्टेज आहे. २०२३मध्ये एएम५ सॉकेटवर काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने त्या सॉकेटसाठी ते १.३० व्होल्टला बांधून टाकले. पेटलेल्या सॉकेटचे फोटो ज्यांनी पाहिले, ते हा आकडा विसरत नाहीत.

डीडीआर५ असलेल्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे चार स्टिकची अडचण अधिक तीव्र आहे : रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकना ५२०० आणि चारांना केवळ ३६०० एवढाच अधिकृत वेग आहे, म्हणून नव्या संगणकात दोनच मोठ्या स्टिक घ्याव्यात असे माझे ठाम मत आहे. नव्या स्टिकनंतर पहिल्यांदा चालू करताना मेमरीचे ‘ट्रेनिंग’ चालते आणि पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून वीज बंद करणारे लोक चांगल्या रॅमला खराब ठरवून परत पाठवतात. डीडीआर५च्या चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते, परंतु ती चिपच्या आतल्या आत. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडते ते तिला दिसत नाही.

ग्राफिक्स कार्डाचा संशय पूर्णपणे निराधार होता असे मी म्हणणार नाही, पण पुराव्याचा क्रम चुकला. रॅम शून्य चुकांनी पार पडल्यावरही गेम बंद पडत असेल, तर एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांच्याकडे वळावे. मेमरीचा म्हणून दिसणारा दोष कधी कधी प्रोसेसरचाही असतो, याचे मोठे उदाहरण म्हणजे इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर. त्यांवर गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत बंद पडत आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत. जुलै २०२४मध्ये इंटेलने वाढीव व्होल्टेज हे कारण मान्य केले, ऑगस्टमध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञांची सुधारणा) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. याउलट, गेमलाच दोष देणाऱ्यांसाठी ‘गिल्ड वॉर्स’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या गेमच्या प्रोग्रामरांना बंद पडल्याच्या काही तक्रारींचा अर्थच लागेना, तेव्हा त्यांनी गेममध्येच एक गणिताची चाचणी लपवली. खेळताना ठरावीक आकडेमोड करायची आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे. सुमारे एक टक्का संगणकांनी चुकीचे उत्तर दिले. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे), कमकुवत वीजपुरवठा, अपुरे कूलिंग आणि चुकीच्या मेमरी सेटिंग्ज ही त्यामागची कारणे होती.

उरला टास्क मॅनेजरचा आणि ‘आउट ऑफ मेमरी’चा भाग. हा पूर्णपणे वेगळा विषय आहे आणि स्टिकशी त्याचा संबंध नाही. विंडोज मोकळी रॅम तशीच पडून राहू देत नाही. लागतील असे वाटणारे प्रोग्राम आणि फाइल आधीच आणून ठेवते, आणि कुणी मागितल्यास ती जागा तत्काळ सोडते. रॅम वाढवली की वापरही वाढलेला दिसतो तो यामुळे. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात. पाहायचे ते तिथे. डावा आकडा सर्व प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी, उजवा विंडोज देऊ शकते ती कमाल मेमरी, आणि ही कमाल म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, म्हणजे रॅमची पुरवणी म्हणून विंडोज डिस्कवर राखून ठेवते ती फाइल. गेम आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त मेमरीचे आश्वासन आधीच घेऊन ठेवतात. ते आश्वासन देता आले नाही, तर प्रत्यक्ष रॅम कितीही शिल्लक असली तरी विंडोज नकार देते आणि गेम कोसळतो. ‘३२ जीबी आहे, आता पेजफाइल बंद करा म्हणजे एसएसडी झिजणार नाही’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तुम्ही तो पाळला असावा असा माझा दाट संशय आहे. व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत जाऊन पेजफाइल ‘सिस्टिम मॅनेज्ड’ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. डावा आकडा गेम नसतानाही तासागणिक चढतच राहिला, तर मात्र एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नाही असे समजावे आणि ‘डिटेल्स’ पानावर ‘कमिट साइझ’ हा रकाना चालू करून त्यात कोण फुगतो आहे ते पाहावे.

रॅम चाचणीत स्वच्छ ठरल्यावर, आणि त्यानंतरच, मागे राहिलेली घाण काढा. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमची ‘रिस्टोअर हेल्थ’ आणि मग एसएफसीची ‘स्कॅननाऊ’ आज्ञा चालवा, म्हणजे विंडोजच्या बिघडलेल्या फाइल बदलल्या जातील. मग गेमच्या फाइल तपासायला लावा. पहिल्या तपासणीत काही बिघडलेल्या निघतील, त्या खऱ्याच बिघडलेल्या आहेत. दुसऱ्या तपासणीत एकही निघता कामा नये. दिवाळीनंतर कॉपी केलेले फोटो आणि कागदपत्रे मात्र कोणतीही आज्ञा दुरुस्त करू शकत नाही. ती मूळ फोनमधून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डातून पुन्हा घ्यावी लागतील.

२९३३वर समाधान नसेल आणि ३२ जीबी ३२००लाच हवी असेल, तर चारही स्टिक विकून १६ जीबीच्या दोन स्टिकची एकाच खोक्यातली जोडी घ्या. मात्र २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव डेटा सेंटरच्या मागणीमुळे ज्या प्रकारे चढले आहेत, ते पाहता मी तुमच्या जागी असतो तर २९३३वरच थांबलो असतो. आणि एखादी स्टिक खरोखरच दोषी निघाली, तर मेमटेस्टच्या पडद्याचा चुकांच्या पत्त्यांसह फोटो काढा, बिल शोधा, आणि दोन्ही नव्या स्टिक एकत्रच दुकानात द्या, कारण एकच बदलून आली की तिच्यातली चिप पुन्हा वेगळी असण्याचा धोका असतो. पत्र्याचे आवरण काढून आतली चिप पाहण्याचा मोह आवरा. त्यावरचा क्रमांकाचा स्टिकर फाटला की वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.